उरेल ते

बायकोबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे, असं गोपाळकृष्ण धडफळे साठी उलटेपर्यंत समजत होते. त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. बहुतेक नवरे तसंच समजतात आणि समजता समजता म्हातारे होतात. सुनीतीबाईंना शेवंती आवडते, लिफ्टची भीती वाटते आणि अन्न वाया गेलेलं खपत नाही, एवढी माहिती त्यांच्या मते पुरेशी होती. संसार चालायला ती पुरलीही होती.

अन्नाचं जरा जास्तच होतं. शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर, नणंद अशा भरल्या घरात सुनीतीबाईंनी स्वयंपाकाला सुरुवात केली आणि तेव्हा हाताला जे माप बसलं ते कायमचं बसलं. पुढे सासू-सासरे गेले, दीर वेगळा झाला, नणंद लग्न होऊन इंदूरला गेली, धडफळे कोथरूडला ब्लॉकमध्ये राहायला आले. एकुलता एक वरद संगणकाचं शिकून आधी बंगळूरला आणि तिथून अमेरिकेला गेला. घरात दोन माणसं उरली, कणीक मात्र पूर्वीइतकीच भिजत राहिली. राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी बसे, पोळ्यांचा कुस्करा होई, आमटीत पीठ कालवून थालीपीठ लागे. फ्रिज उघडला की झाकण ठेवलेल्या वाट्यांची रांग समोर येई. हे सगळं गोदाबाईला, म्हणजे कामाला येणाऱ्या बाईला, देऊन टाकावं तर तेही सुनीतीबाईंना पटत नसे. माणसाला द्यायचं तर ताजं द्यावं, असं त्यांचं म्हणणं. गोदाबाईला रोज तव्यावरची पोळी आणि ताजी भाजी मिळे, आणि वाट्या घरातच राहत.

जेवायला बसताना गोपाळराव न चुकता विचारत, ‘तू बसत नाहीस?’ आणि उत्तराची वाट न बघता वरणभात कालवायला घेत.

‘तुम्ही व्हा पुढे. माझं काय, मी उरलंसुरलं खाईन.’

हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की ते कोणाला ऐकूच येत नसे.

दोन हजार एक साली बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची टूम काढली. गोपाळरावांच्या शाखेत तेव्हा नुकतेच संगणक येऊन बसले होते आणि कालची पोरं त्यांना माउस कसा धरायचा ते शिकवत होती. हा अपमान त्यांनी फार दिवस सोसला नाही. अर्ज केला, पैसे घेतले, घरी आले आणि खायला बसले. अकरा वाजता चिवडा, दुपारची झोप झाली की बाकरवडी, रात्री जेवणावर काहीतरी गोड, आणि मधल्या वेळात ‘जरा तोंडात टाकायला’ म्हणून जे काही हाताला लागेल ते. वर्षाच्या आत विजारीचं बक्कल पोटाखाली दिसेनासं झालं. पाय बधिर होतात म्हणून डॉक्टरकडे गेले, तर रक्तात साखर निघाली.

गोपाळरावांनी ती बातमी फारशी मनावर घेतली नाही. सुनीतीबाईंनी घेतली. त्या रडल्या नाहीत, देवाला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा माळ्यावर गेला, पानात ज्वारीची भाकरी आली, भाताची मूद लिंबाएवढी झाली आणि ताटाची डावी बाजू काकडी, मुळा, कोशिंबिरीने भरून गेली.

‘हे काय, गोठ्यात बांधलंयस का मला?’ गोपाळराव म्हणाले.

‘गोठ्यातली जनावरं तुमच्यापेक्षा जास्त चालतात,’ सुनीतीबाई म्हणाल्या.

चालण्याचं त्या सरळ म्हणाल्याच नाहीत. नवऱ्याला एखादी गोष्ट कर म्हटलं की तो ती करत नाही, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यांनी फक्त जिन्यात रंगराव शितोळ्यांना गाठलं. हे खालच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार. रोज पहाटे टेकडी चढणारे आणि न चढणाऱ्यांबद्दल मोठ्याने मतं असणारे. ‘हेही उद्यापासून येणार आहेत हं टेकडीवर,’ सुनीतीबाईंनी सांगून टाकलं. संध्याकाळी रंगराव गोपाळरावांना म्हणाले, ‘येणार म्हणे तुम्ही. बघू.’ त्या ‘बघू’ने काम केलं. पुण्याच्या माणसाला साखरेचं भय वाटणार नाही, पण शेजाऱ्याने ‘बघू’ म्हणावं आणि आपण दिसू नये, हे त्याला जन्मात सहन होत नाही.

वरदने मित्राबरोबर पांढरेशुभ्र बूट पाठवले. पहिला आठवडाभर गोपाळराव ते घालून टेकडीच्या पायथ्याच्या अमृततुल्यापर्यंत जात, चहा घेत, पेपर वाचत आणि घाम पुसल्यासारखं करत परत येत. आठव्या दिवशी सुनीतीबाईंनी दारातच बूट उलटा करून तळवा बघितला.

‘टेकडीवर डांबर टाकलं वाटतं हल्ली,’ त्या म्हणाल्या. ‘मातीचा कण लागलेला नाही.’

तेव्हापासून गोपाळराव खरोखर चढायला लागले. आधी पायऱ्यांपाशी दम लागे, मग मंदिरापाशी, मग लागेनासा झाला. श्रावण, गणपती, दिवाळी असे एकेक मोठे हल्ले आले आणि सुनीतीबाईंनी ते परतवले. वरदच्या मित्रांनी आणून दिलेले मिठाईचे डबे, बारशाचे पेढे, नणंदेचे इंदूरहून आलेले लाडू, काहीही गोपाळरावांच्या पानापर्यंत पोचलं नाही. ते कुठे गेलं, हे गोपाळरावांनी विचारलं नाही. वर्षभराने डॉक्टरांनी त्यांची गोळी निम्मी केली आणि म्हणाले, ‘हे तुमच्या मिसेसचं श्रेय.’ गोपाळरावांनी ते उदार मनाने मान्य केलं.

त्याच सुमारास सुनीतीबाई रात्रीच्या पाणी प्यायला उठायला लागल्या होत्या. सुईत दोरा ओवायला गोदाबाईला बोलावू लागल्या होत्या. दुपारी बसल्या जागी डोळा लागे. गोपाळरावांना हे दिसत होतं. वय झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं.

सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाने साखर तपासणीचं शिबिर ठेवलं, तेव्हा अध्यक्ष रंगराव स्वतः वर आले. ‘वहिनी, तुम्ही दोन शब्द बोलायचे. नवऱ्याला वळण कसं लावलं, हे बायकांना कळू दे.’ सुनीतीबाई ठेवणीतली साडी नेसून गेल्या आणि छान बोलल्या. ताटात आधी डावी बाजू भरा म्हणाल्या, बुटाचे तळवे बघा म्हणाल्या. हॉल हसला. गोपाळराव पहिल्या रांगेत पोट आत घेऊन बसले होते. मागे टेबलावर वडे आणि पेढे मांडलेले होते, कारण शिबिर कसलंही असलं तरी आलेल्या माणसाला तसंच पाठवणं पुण्यातल्या संघालाही बरं वाटत नाही.

तपासायला डॉक्टरांच्या दवाखान्यातली नम्रता नावाची एक तरुण आहारतज्ज्ञ आली होती. बोटाला सुई टोचायची म्हटल्यावर बायका मागे सरकायला लागल्या. ‘अगं, मुंगी चावल्यासारखं होतं,’ म्हणत सुनीतीबाईंनीच हात पुढे केला. नम्रताने यंत्राकडे बघितलं. दुसरं बोट मागितलं. पुन्हा बघितलं.

‘काकू, सकाळपासून काय घेतलंत?’

‘कुठे काय. रात्रीचा जरा भात होता, तो संपवला. आणि डब्यात दोन लाडू राहिले होते, म्हटलं मुंग्या लागायला नकोत.’

नम्रताने हळू आवाजात आकडा सांगितला. गोपाळरावांची साखर अगदी वाईट दिवसांतही तिथवर गेली नव्हती. रंगरावांनी मागच्या टेबलावरची पेढ्यांची थाळी उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली. त्यांच्या तोंडून त्या दिवशी एकही मत बाहेर पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रीतसर तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, की डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम दिसायला लागलाय, आता आवरलं नाही तर नजर जाईल. मग त्यांना नम्रताच्या टेबलापाशी पाठवलं.

‘काकू, दुपारच्या जेवणात काय असतं तुमच्या?’

‘असतं सगळं. पोळी, भाजी, आमटी, भात.’

‘पोळ्या किती?’

सुनीतीबाई विचारात पडल्या. त्यांना खरंच आठवेना. ‘उरतील तेवढ्या,’ त्या म्हणाल्या.

‘म्हणजे अंदाजे? भात किती वाट्या? आपण पोर्शन ठरवू ना, म्हणून विचारते.’

‘अगं, ते कसं सांगू? उरेल ते. कधी खूप उरतं, कधी नाही.’

नम्रताचं पेन थांबलं. गोपाळराव खुर्चीत अवघडून बसले होते. इतकी वर्षं या बाईच्या समोर बसून आपण जेवलो, आणि तिला स्वतःसाठी पान वाढून घेताना एकदाही पाहिलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. आपल्या पानावरून वळवलेला प्रत्येक लाडू कुठे गेला, हेही आलं. त्यांना आतून फार लाज वाटली. नम्रतासमोर रडू येईल की काय, अशी भीती वाटली आणि ते उगाचच भिंतीवरचं फळांचं चित्र बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी मोहीम हाती घेतली. आपल्याला वळण लावणारी बाई स्वतः पटकन वळेल, असा त्यांचा हिशोब होता. तो पहिल्याच दिवशी चुकला. सुनीतीबाईंनी गोळ्या मुकाट घेतल्या आणि बाकी काही बदललं नाही. चालायला चल म्हटलं की, ‘दिवसभर उभीच असते मी.’ सकाळी पाणी भरायचं असतं, दूध येतं, गोदाबाई येते. गोपाळरावांनी त्यांचीच युक्ती केली. जिन्यात रंगरावांना सांगितलं, ‘उद्यापासून हीपण येणार आहे.’ रंगराव ‘बघू’ म्हणाले. सुनीतीबाई तिथेच म्हणाल्या, ‘हे काहीही सांगतात, तुम्ही लक्ष देऊ नका.’ मग गोपाळरावांनी बायकोला बळेच बरोबर जेवायला बसवलं. बसायच्या, पण मीठ आणायला उठायच्या, पाणी आणायला उठायच्या, आणि सगळं आटपल्यावर ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून वाट्या रिकाम्या करायच्या.

एका दुपारी गोपाळरावांनी त्यांना तसं पकडलं. कढईत फोडणीचा भात होता आणि त्या डावानेच खात होत्या. गोपाळरावांचा तोल गेला. त्यांनी कढई काढून घेतली आणि भात केराच्या बादलीत उलटा केला.

सुनीतीबाई बादलीकडे बघत राहिल्या. ओरडल्या नाहीत. हात धुऊन आत जाऊन बसल्या आणि त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. संध्याकाळी गोपाळराव दारात उभे राहिले, तेव्हा त्या त्यांच्याकडे न बघता बोलल्या.

‘बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, आठवतंय? मी रांगेत उभी राहायचे. आधी मामंजी जेवायचे, मग तुम्ही आणि भावजी, मग वन्सं, मग सासूबाई. माझी पाळी यायची तेव्हा कधी तळाला असायचं, कधी नसायचं. नसायचं तेव्हा कोणी विचारलं नाही. तुम्हीपण नाही. माझं काही म्हणणं नाही त्यावर, दिवसच तसे होते. पण अन्न टाकलेलं मला बघवत नाही हो. अजिबात बघवत नाही.’

गोपाळरावांना ती रांग आठवत होती. बायको जेवली होती की नाही, हे आठवत नव्हतं. ते तिच्या शेजारी पलंगावर बसले. ‘चुकलं माझं,’ ते म्हणाले. भाताबद्दल म्हणाले की त्या सगळ्या वर्षांबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सुनीतीबाईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोळ्या झाल्या आणि नेहमीप्रमाणे ‘या हो’ अशी हाक आली. गोपाळराव स्वयंपाकघरात आले, त्यांनी एक ताट घेतलं, बायकोला खांदे धरून टेबलाशी बसवलं आणि स्वतः वाढायला लागले. कोशिंबीर उजवीकडे, भाजी डावीकडे.

‘उलटं वाढलंत,’ सुनीतीबाई म्हणाल्या. ‘आणि तुम्ही?’

‘तू हो पुढे. माझं काय, मी उरलंसुरलं खाईन.’

त्यांना ती थट्टा वाटली. पण नम्रताने सांगितलं होतं तेवढं वाढून झाल्यावर गोपाळराव खरोखर मागून बसले. सवयीच्या हाताने केलेला स्वयंपाक भरपूर होता. त्यांनी आपलं जेवण जेवलं आणि मग राहिलेला भात पुढे ओढला. त्यानंतर राहिलेल्या पोळ्या घेतल्या.

‘अहो, किती खाताय? तुमची साखर.’

‘अन्न टाकायचं नाही. तुझंच म्हणणं आहे आणि ते खरं आहे. मी टाकलं ती माझी चूक. आता नाही टाकणार. या घरात जे काही उरेल ते यापुढे मी खाणार.’

‘वेड लागलंय तुम्हाला.’

‘बरं,’ म्हणून त्यांनी आमटीचं भांडं ओढलं.

सुनीतीबाईंनी ते भांडं हिसकून घेतलं. वर्षभर घास मोजून खाली आणलेली साखर डोळ्यांसमोर वर चढताना त्यांना दिसत होती. रात्री त्यांनी परातीत कणीक घेतली, थोडा वेळ बघितली आणि डब्यात परत टाकली. पुन्हा घेतली, पुन्हा काढली. लग्न झाल्यापासून हाताला बसलेलं माप त्या रात्री मोडलं. मोडताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की गोपाळरावांना जवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं, आणि ते राहिले.

चालण्याचंही तसंच झालं. पहाटे बूट घालून गोपाळराव दाराशी खुर्ची टाकून बसत आणि रंगरावांना खाली ‘व्हा पुढे’ सांगत. ‘तू आलीस तर जातो.’ चौथ्या दिवशी सुनीतीबाईंनी गोदाबाईकडे किल्ली दिली. गोपाळरावांनी वरदला फोन केला, आईसाठीपण बूट पाठव. ‘नंबर काय?’ त्याने तिकडून विचारलं, आणि ते ना बापाला माहीत होतं ना मुलाला. शेवटी गोपाळराव बायकोची चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून लक्ष्मी रोडला गेले आणि जोड घेऊन आले.

‘साडीवर बूट? लोक काय म्हणतील?’

‘पुण्यात लोक तसेही म्हणतातच.’

टेकडीच्या पायऱ्यांपाशी त्या थांबल्या, मंदिरापाशी बसल्या. माथ्यावर पोचायला पावसाळा संपावा लागला. रंगराव तिथे आधीच होते. त्यांनी सुनीतीबाईंच्या बुटांकडे बघितलं, तळव्याला लागलेली लाल माती बघितली आणि आपली बसायची जागा उठून दिली.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, की डोळ्यांचं जिथल्या तिथे थांबलंय. त्या दिवशी घरी आल्यावर गोपाळराव ताट मांडून बायकोसमोर उभे राहिले. ‘आज मी ठरवत नाही. तुला काय हवं ते सांग. काय वाढू?’

इतका साधा प्रश्न, पण सुनीतीबाईंना उत्तर शोधावं लागत होतं. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत त्या बसून राहिल्या आणि मग थोड्या लाजून म्हणाल्या, ‘गरम पोळी. तव्यावरची. मी गरम कधी खाल्लीच नाही हो.’

गोपाळरावांनी गॅस पेटवला. लाटायला त्यांना येत नव्हतं. सुनीतीबाईंनी बसल्या जागी पोळी लाटून दिली आणि त्यांनी ती तव्यावर टाकली. उलटताना बोट भाजलं, एका कडेला डाग पडला. तशीच उचलून वाफेसकट ताटात वाढली.

‘करपलीय,’ सुनीतीबाई म्हणाल्या, आणि तुकडा मोडून भाजीला लावला. हळूहळू, एकदाही न उठता, त्यांनी ती सबंध पोळी खाल्ली. कोशिंबीर संपवली. गोपाळराव तव्याजवळ उलथनं घेऊन उभे होते.

‘अजून एक टाकू?’

सुनीतीबाईंनी ताटावर आडवा हात धरला.

‘नको. पोट भरलं माझं.’

सबंध संसारात हे शब्द गोपाळरावांनी बायकोच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. त्यांनी गॅस बंद केला, फडक्याने डोळे पुसले आणि आपलं ताट घेऊन तिच्या शेजारी बसले.